आधी रंधा खाली ठेवा

जुलै उजाडला की गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत दारं अडकू लागतात. आधी मोरीचं, मग फडताळाचं, शेवटी मुख्य दार. दोन-चार दिवस खांदा लावून ढकलाढकली होते आणि रविवारी घरातलं कुणीतरी उत्साहाने रंधा काढतं, नाहीतर नाक्यावरच्या सुताराला बोलावणं जातं. कडेचं सूतभर लाकूड तासलं जातं, दार अलगद लागतं, चहा होतो. जानेवारीत त्याच दाराच्या फटीतून गॅलरीतला दिवा आत दिसू लागतो, कडी कोयंड्यात बसेनाशी होते आणि फटीवर रबरी पट्टी चिकटवायचं नवं काम निघतं.

वास्तविक ते दार बिघडलेलंच नव्हतं. पावसात फुगलं होतं, दिवाळी उलटल्यावर आपसूक आटणार होतं.

बॅटरीवर चालणारं ड्रिल स्वस्त झालं, मोबाइलवर सुतारकाम शिकवणारे व्हिडिओ आले आणि घरच्या घरी कपाट-टेबल करून बघणारी हौशी मंडळी दादर-परळमध्येही दिसू लागली. ही चांगलीच गोष्ट आहे. अडचण एवढीच की त्या व्हिडिओंतला कारागीर मोटार मावेल अशा गॅरेजमध्ये उभा असतो, त्याच्या फळ्या तीन मजले जिना चढून येत नाहीत आणि त्याच्या हवेत वर्षाचे चार महिने मिठाची बरणी ओली होत नाही. मुंबईत हत्याराचा नंबर शेवटचा. आधी हवेचा विचार करायचा, मग जिन्याचा, मग भिंतीचा आणि शेजाऱ्यांचा. हा क्रम चुकला की महागड्या यंत्रानेही काम साधत नाही.

लाकूड वाळवून, पॉलिश करून घरात आलं तरी हवेतलं पाणी पिणं आणि सोडणं ते थांबवत नाही. हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांवर टिकून राहिली तर लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतं. ५० टक्क्यांच्या हवेत ते ९ टक्क्यांच्या आसपास उतरतं. मुंबईचा जुलै पहिल्या आकड्याच्या जवळचा, हिवाळ्यातली कोरडी दुपार दुसऱ्याच्या. या चढउताराने फळीची लांबी जवळजवळ बदलत नाही, बदलते ती रुंदी. सागवान तसं गरीब स्वभावाचं लाकूड. तरीही फूटभर रुंदीची सागवानी फळी या दोन टोकांच्या दरम्यान चार-साडेचार मिलिमीटरपर्यंत फुगू-आटू शकते. इंचाचे आठ सूत या सुतारी हिशेबाने जवळपास दीड सूत. रंग-पॉलिशने हा वेग मंदावतो, थांबत नाही.

जुन्या सुतारांनी ही टक्केवारी मोजली नव्हती, पण दार कसं जोडायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रुंद फळ्या सलग ठोकण्याऐवजी ते चौकट करायचे आणि चौकटीच्या खाचेत फळी मोकळी बसवायचे, सरस न लावता. फळी खाचेतल्या खाचेत फुगते-आटते, चौकटीचं माप फारसं हलत नाही. हौशी कारागीर नेमका इथेच फसतो. टेबलाचा सागवानी माथा तो खालच्या आडव्या पट्ट्यांना फेविकॉल आणि स्क्रू लावून जखडून टाकतो, आणि पहिल्याच कोरड्या मोसमात मधोमध तडा जातो. पट्टीतली भोकं लांबट ठेवली, स्क्रूला दोन-तीन मिलिमीटर सरकायला वाव दिला, की हे टळतं. फेविकॉल त्या जागी नकोच.

अडकलेल्या दाराचं खरं निदान बिजागरीपासून सुरू होतं. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले की दार खाली झुकतं आणि उंबऱ्याला किंवा विरुद्ध कोपऱ्याला घासतं. त्याचा पावसाशी संबंध नसतो. भोक मोठं झालं असेल तर त्यात फेविकॉल लावलेली बांबूची काडी ठोकून, सुकल्यावर तोच स्क्रू पुन्हा आवळावा. दार कडेला सगळीकडे सारखंच घासत असेल तर मात्र ते फुगलंय. तिथे मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासून दिवस काढावेत, घासणाऱ्या जागी पेन्सिलीची खूण करावी आणि डिसेंबरपर्यंत वाट बघावी. तेव्हाही खूण घासत असेल तरच रंधा. शिवाय दाराची वरची आणि खालची कड एकदा हात फिरवून बघण्यासारखी असते. रंगारी दिसणाऱ्या बाजू चकाचक करतो आणि या दोन कडा कोऱ्या सोडतो. लाकूड सर्वाधिक पाणी पितं ते याच उघड्या टोकांतून.

हेच टोक हिंदमाताच्या आसपासच्या तळमजल्यांवर खुर्च्या-कपाटांचा जीव घेतं. दरवर्षी पाणी भरतं म्हणून लोक कपाटाखाली विटा लावतात, ते बरोबरच आहे. पण विटा ओल्या झाल्या की पायांची टोकं त्यांच्यातूनही पाणी ओढतात. उन्हाळ्यात कपाट आडवं करून पायांच्या तळाला इपॉक्सी किंवा ऑइल पेंटचे दोन-तीन हात द्यावेत आणि विटेऐवजी ग्रॅनाइटचा तुकडा ठेवावा. ग्रॅनाइटचे तुकडे दगडवाल्यांकडे कटाईतून उरलेले मिळतात. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढलं, तर मागच्या पातळ प्लायवर बुरशी चढण्याचं प्रमाणही घटतं. दहा बाय बाराच्या खोलीत दोन इंच जड जातात, हे मान्य. तरी सोडावेत.

सागवान किती टिकतं, याचा सर्वांत ठळक पुरावा इंग्लंडमध्ये तरंगतोय. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची ‘एचएमएस त्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली गेली आणि १८१७ साली पाण्यात उतरली. ती आज हार्टलपूल इथे संग्रहालय म्हणून उभी आहे, पाण्यातच. गिरगाव-काळबादेवीतल्या जुन्या इमारतींच्या तुळया, खांब, जिने याच जातीच्या लाकडाचे आहेत. पुष्कळसं ब्रह्मदेशातून आलेलं. या इमारती पाडल्या जातात तेव्हा तुळया पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराच्या हिशेबात जातात आणि जुन्या लाकडाच्या बाजारात त्यांना रोख भाव मिळतो. भाडेकरूचं त्यावर काही चालत नाही. पण माळ्याची फळी, आजोबांचा दिवाण, पाट, चौरंग, स्वयंपाकघरातली मांडणी, हे सगळं भाडेकरूचंच असतं. तेही तो स्वतः भंगारवाल्याला देऊन मोकळा होतो.

बीडीडी चाळींत हे ठळकपणे घडतंय. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी काँक्रीटच्या, त्यामुळे तिथे तुळयांचा प्रश्न नाही. पण नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळीच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून कुटुंबं ५०० चौरस फुटांच्या घरांत चालली आहेत, आणि ‘नवीन घरात जुनं सामान कशाला’ या एका वाक्यावर तीन पिढ्यांचं सागवान रस्त्यावर येतं. त्याच्या जागी हप्त्यांवर येतं पार्टिकल बोर्डचं कपाट. या बोर्डात लाकडाचा चुरा गोंदाने दाबलेला असतो. एकदा पाणी शिरलं की तो फुगतो, आणि सागवानासारखा पुन्हा आटून जागेवर येत नाही. नव्या घराचा आनंद कुणीही हिरावू नये. पण हा सौदा तोट्याचा आहे, एवढं कुणीतरी सांगायला हवं.

जुनं लाकूड हाताळण्याची मात्र रीत आहे. रंधा लावण्याआधी फळीवरून लोहचुंबक फिरवावं. रंगाखाली मोडून राहिलेला एक खिळा रंध्याचं पातं कायमचं खाऊन टाकतो. जुना रंग कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असण्याची दाट शक्यता, आणि त्याची धूळ लहान मुलांना सर्वांत घातक. रंग ओला करून खरवडावा, खाली वर्तमानपत्र अंथरावं आणि ते गुंडाळून टाकून द्यावं. फळीच्या कडेला फिकट पट्टा असेल आणि त्यातून पिठासारखा भुसा गळत असेल, तर कीड त्या कच्च्या लाकडातच असते. तेवढा पट्टा कापून काढावा. आतला तांबूस गाभा बहुधा शाबूत निघतो. सागवानात अंगचं तेल असतं, म्हणून चिकटवायच्या दिवशीच सांध्याला ताजा रंधा मारावा. आठवडाभर पडून राहिलेल्या पृष्ठभागावर गोंद नीट धरत नाही.

चिकटवण्यावरून आठवलं. फेविकॉल १९५९ साली बाजारात आला. तोपर्यंत सुतार जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस उकळून वापरत. सरसाला वास यायचा, पण त्याचा एक गुण होता: गरम पाणी आणि वाफ दिली की तो सुटायचा. म्हणून जुनी शिसवी खुर्ची खिळखिळी झाली तर तिचे सांधे न मोडता उकलता येतात. फेविकॉलचं तसं नाही. सुकलेल्या फेविकॉलवर नवा फेविकॉल चिकटत नाही, आणि हलणाऱ्या खुर्चीत वरून फेविकॉल ओतणारे नेमकं तेच करतात. सांधा पूर्ण उघडावा, पटाशीने जुना थर खरवडून कोरं लाकूड दिसू द्यावं, मगच जोडावा. घरात शिकंजे नसतात, म्हणून खुर्चीच्या पायांभोवती सुतळीचे दोन वेढे देऊन मध्ये काठी घालून पीळ द्यावा आणि काठी अडकवून रात्रभर ठेवावी. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही अंतरं सारखी आली की खुर्ची काटकोनात आहे. यातलं काहीच न करता खिळा ठोकणं हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे आणि सर्वांत वाईटही. खिळ्याने कुसू फाटतं आणि पुढच्या दुरुस्तीला जागाच राहत नाही.

नवं काम करायचं तर प्लायवूड अपरिहार्य. आठ बाय चारचा तक्ता जुन्या चाळीच्या जिन्याच्या वळणावर फिरत नाही आणि नव्या टॉवरच्या लिफ्टमध्ये मावेलच असं नाही. तेव्हा मापं घेऊन कापणी दुकानातच करून घ्यावी. करवतीचं पातं प्रत्येक कापात साधारण तीन मिलिमीटर खातं, हे धरून आकृती काढावी. नाहीतर शेवटचा कप्पा बोटभर आखूड निघतो. चाळीची भिंत वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी, कारण तिन्ही मापं सारखी येण्याची शक्यता कमीच. कोपरा काटकोनात आहे का, हे पाहायला गुण्या छोटा पडतो. एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून दोन खुणांमधलं अंतर बघावं. पाच फूट आलं तर कोपरा सरळ.

प्लायची प्रत हा स्वतंत्र वादाचा विषय. भारतीय मानकांनुसार आयएस ३०३ मध्ये साधा आणि पाण्याला तोंड देणारा असे दोन दर्जे येतात, आणि आयएस ७१० हा मरीन प्लाय. मरीनच्या गोंदाला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. शिक्का कुणीही मारतो, अशी तक्रार सगळेच करतात. मग दुकानदाराकडून कटाईतला चार इंचांचा तुकडा मागून घ्यावा आणि जुन्या पातेल्यात सात-आठ तास उकळावा. पदर सुटले तर दुकान बदलावं. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आणि संडासाला लागून असलेल्या भिंतीवर मरीनशिवाय काही लावू नये. दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या कपाटाला मात्र तो खर्च करायची गरज नाही.

पुस्तकांचं कपाट हा दादरकरांचा दुखरा विषय. दिवाळी अंक धरून पुस्तकांचं वजन फळीच्या दर फुटाला नऊ-दहा किलो भरतं आणि वर्षभरात फळी मधोमध झुकते. लोक जाड फळी मागतात. त्याने फरक पडतो: १८ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटर घेतली तर झोल जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पण मधला आधार जवळ घेतल्याने त्याहून जास्त साधतं. तीन फुटांचा गाळा दोन फुटांवर आणला की तोच झोल पाचव्या हिश्श्यावर येतो, तेही जुन्याच जाडीत. त्यातून फळीच्या पुढच्या कडेला दीड इंचाची उभी सागवानी पट्टी लावली तर प्लायची कडही झाकली जाते.

भिंत बदलली की स्क्रूही बदलतो, हे टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांना पहिल्या आठवड्यात कळतं. चाळीच्या चुन्याच्या भिंतीत भोक सहज पडतं, पण गिट्टी सैल बसते आणि भिंतीचा भुगा होतो. तिथे विटांचा सांधा टाळून विटेच्या मध्यावर भोक पाडावं. नव्या इमारतीत काही भिंती सलग काँक्रीटच्या असतात, तिथे ठोके देणारं ड्रिलच लागतं. आतल्या भिंती पुष्कळदा सायपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या असतात. तिथे साधी गिट्टी जड कपाट पेलत नाही, लांब फास्टनर लागतो. टांगण्याआधी बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला तरी बरंच कळतं.

आणि मखर. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हापासून घरगुती गणपतीसाठी सुट्या भागांचं प्लायचं मखर हा सगळ्यात उपयोगी प्रकल्प झाला आहे. दरवर्षी जोडायचं, सोडवायचं, माळ्यावर टाकायचं. मे महिन्याच्या सुट्टीत केलेलं मखर भाद्रपदात मात्र जुळत नाही, कारण बारा मिलिमीटरच्या प्लायसाठी खाचही बारा मिलिमीटरचीच ठेवलेली असते. वर रंगाचे दोन थर चढतात आणि ओलसर हवेत प्लाय किंचित फुगतो. खाच मिलिमीटरभर मोकळी ठेवावी आणि प्रत्येक भागाच्या मागे क्रमांक घालावा. चतुर्थीच्या आदल्या रात्री कोणता भाग कुठला, यावरून घरोघरी जे होतं ते टळेल. लाखेचं पॉलिश मात्र पावसात करू नये. ओलावा थरात अडकतो आणि पॉलिश पांढुरकं पडतं. ते काम दसऱ्यानंतरचं.

हे सगळं करायचं कुठे, हा प्रश्न राहतोच. लाकडाची धूळ हा निव्वळ केर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली ती कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातली. एका खोलीत बाळ झोपलेलं आणि आजी खोकत असताना कुणी एमडीएफ घासत असेल, तर एन-९५ मास्क त्याच्या एकट्याच्या नाकाची काळजी घेतो. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आणि चकती करवत त्याच्या कितीतरी वर जाते. अळशीच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती मोकळी पसरून वाळवावी लागते, आणि चाळीत त्यासाठी गॅलरी असते.

चाळीचं बळ तिथेच होतं. मधला चौक, जिन्याखालची जागा, गॅलरीचं टोक, हेच सगळ्यांचं कारखान्याचं आवार. १८९३ पासून गणपती बसवणाऱ्या केशवजी नाईकांच्या चाळीसारख्या गिरगावातल्या चाळींत किंवा परळ-लालबागच्या मंडळांत पोरं करवत धरायला शिकली ती अशा सामायिक जागेत, देखावा उभा करताना. टॉवरच्या पोडियमवर करवत चालवली तर सुरक्षारक्षक येतो. पुनर्विकासात घर तिपटीने मोठं झालं, पण काम करायची जागा शून्यावर आली. हे नुकसान क्षेत्रफळाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

तोडगा अशक्य कोटीतला नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावातली मुलं हाताने कामं करत शिकू शकतात हे दाखवून दिलं. मुंबईतच ‘मेकर्स असायलम’ ही सामायिक कार्यशाळा अनेक वर्षं चालली, पुढे ती गोव्याला गेली. ऑस्ट्रेलियात निवृत्त पुरुषांसाठी गावोगावी ‘मेन्स शेड’ आहेत. तिथे मंडळी खुर्च्या दुरुस्त करतात आणि एकटेपणही थोडं कमी करतात. गिरणगावात निवृत्त फिटर, टर्नर आणि सुतार यांची वाण नाही. त्यांच्या हाती खोली नाही, इतकंच.

पुनर्विकासाच्या करारांत सोसायटीचं कार्यालय मिळतं, व्यायामशाळा मिळते. त्याच यादीत तळमजल्यावर किंवा पोडियमवर दोनशे चौरस फुटांची कार्यशाळा मागायला हवी: वाइस बसवलेलं एक जड बाकडं, भुसा ओढणारा पंखा, स्वतंत्र वीज मीटर, आग विझवायचं नळकांडं, कुलूपबंद हत्यारांची पेटी आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ही वेळ. किल्ली कुणाकडे राहील, भुसा कोण उचलेल, पातं तुटलं तर खर्च कुणाचा, हेही आधीच लिहून घ्यावं. कार्यशाळा बंद पडतात त्या बहुतेक याच तीन भांडणांवर. ज्या इमारतींचे नकाशे मंजूर होऊन गेले आहेत तिथे सोसायटीने व्यायामशाळेच्या बाजूचा एक कोपरा आठवड्यातून दोन दिवस मोकळा करावा आणि भिंतीला घडीचं बाकडं लावावं. ज्यांच्या करारनाम्याचा मसुदा अजून फिरतोय, त्यांनी ही ओळ सह्यांआधी घालून घ्यावी. सह्यांनंतर ती जागा पार्किंगच्या नकाशात गेलेली असते.